‘हिडन फिगर्स’ नववी-दहावीला दाखवायचा आहे: काय खरे, काय रचलेले, आणि गणिताचा तास कसा जोडावा?

विज्ञानबाई, गुहागर तालुका

११ फेब्रुवारी हा विज्ञानातल्या महिला आणि मुलींचा दिवस. त्या आठवड्यातल्या शनिवारी सकाळच्या शाळेत नववी-दहावीच्या मुलांना ‘हिडन फिगर्स’ दाखवायचे ठरवले आहे. नासाच्या लँगली केंद्रात हाताने गणिते करणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रियांवरचा, २०१६ चा चित्रपट. कॅथरिन जॉन्सन, डोरोथी वॉन आणि मेरी जॅक्सन या तिघी त्यात आहेत.

चार गोष्टींवर जाणत्यांचे मत हवे आहे. चित्रपटात दाखवलेले किती घडलेले आणि किती पटकथेसाठी रचलेले? मुले मराठी माध्यमाची आहेत, अमेरिकी इंग्रजी कानावरून जाईल, त्याला उपाय काय? प्रयोगशाळेचे सामान न लागता चित्रपटातल्या गणिताचा एखादा नमुना वर्गात करून घेता येईल का? आणि आमचा हॉल कौलारू आहे, मध्ये काचेची कौले आहेत, वीज कधीही जाते. शाळेत चित्रपट दाखवण्याबद्दल कायदा काय म्हणतो, तेही कुणी सांगावे.

मुलींनी ‘छान वाटले’ म्हणून घरी जावे एवढ्यासाठी हा खटाटोप नाही. दहावीनंतर विज्ञान शाखा घ्यायची की नाही, हे त्यांच्या घरी त्याच महिन्यांत ठरत असते.

---

खाडीपलीकडे

बाई, आधी खऱ्या-खोट्याचे बघू, कारण बाकी सगळे त्यावर उभे आहे. चित्रपटाची गोष्ट १९६१-६२ मध्ये कोंबली आहे. प्रत्यक्षात या तिघींच्या मोठ्या लढाया त्याआधीच होऊन गेल्या होत्या.

डोरोथी वॉन १९४३ मध्ये लँगलीत आल्या. दुसरे महायुद्ध चालू होते, माणसे कमी पडत होती, आणि १९४१ च्या रूझवेल्ट यांच्या आदेशाने संरक्षण उद्योगात वर्णभेद करायला मनाई केली होती. म्हणून कृष्णवर्णीय पदवीधर स्त्रियांना घेतले, पण वेगळ्या इमारतीत, ‘वेस्ट एरिया कंप्युटिंग’ या वेगळ्या विभागात बसवले. (तेव्हा कंप्युटर हे माणसाच्या पदाचे नाव होते, हे मुलांना सुरुवातीलाच सांगा, नाहीतर पहिला अर्धा तास गोंधळ होतो.) चित्रपटात डोरोथीबाई पर्यवेक्षक पदासाठी शेवटपर्यंत झगडतात. खऱ्या डोरोथीबाईंना ते पद १९४९ मध्येच मिळाले होते. पुढचे चित्रपटात येतच नाही: १९५८ मध्ये नासा स्थापन झाली (तोवर लँगली आधीच्या संस्थेकडे होते), वेगळे विभाग बंद झाले आणि त्याबरोबर त्यांचे पदही गेले. त्या फोरट्रान ही संगणकाची भाषा शिकल्या, इतरांना शिकवले, पण पुन्हा प्रमुखपद त्यांना कधी दिले गेले नाही. भेद संपवणाऱ्या निर्णयाचा फटका नेमका त्यांनाच बसला. हे मुलांना सांगायलाच हवे, कारण चित्रपटाचा शेवट याच्या अगदी उलट आहे.

मेरी जॅक्सन १९५१ मध्ये आल्या. ६०,००० अश्वशक्तीच्या स्वनातीत वायुबोगद्यावर (आवाजाहून वेगवान वारा सोडून विमानांचे नमुने तपासायची जागा) काम करताना काझिमीर्झ झार्नेकी या अभियंत्याने त्यांना अभियंता व्हायला सुचवले. त्यासाठीचे वर्ग गोऱ्यांच्या हायस्कुलात संध्याकाळी भरत, म्हणून हॅम्प्टन शहराकडे अर्ज करून परवानगी काढावी लागली. चित्रपटातला न्यायालयाचा प्रसंग रंगवलेला आहे, पण अर्ज आणि परवानगी खरी. १९५८ मध्ये त्या अभियंता झाल्या, नासातल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री अभियंता. १९७९ मध्ये मात्र, बढतीच्या वाटा खुंटल्यावर, त्यांनी खालची श्रेणी पत्करून स्त्रियांच्या नेमणुका आणि बढत्या पाहणारे पद घेतले. नासाच्या वॉशिंग्टनमधल्या मुख्यालयाला आज त्यांचे नाव आहे.

कॅथरिन जॉन्सन यांचा जन्म १९१८ चा. त्यांच्या गावात कृष्णवर्णीय मुलांना आठवीपुढे शाळा नव्हती, म्हणून घरचे लोक सुमारे १९० किलोमीटरवरच्या इन्स्टिट्यूट या गावी शाळेपुरते बिऱ्हाड करत. तुमच्या वाड्यांवरच्या मुलींना हे समजावून सांगावे लागणार नाही. चित्रपटाची सुरुवात इथूनच होते, तिथे थोडे रेंगाळा. अठराव्या वर्षी पदवी, १९५३ मध्ये लँगली. सप्टेंबर १९६० मध्ये टेड स्कोपिन्स्की यांच्याबरोबर उपग्रहाच्या कक्षेवरचा अहवाल त्यांच्या नावाने निघाला. फ्लाइट रिसर्च डिव्हिजनमध्ये एखाद्या स्त्रीला लेखक म्हणून श्रेय मिळण्याची ती पहिलीच वेळ. चित्रपटात नावासाठीची ओढाताण पुढे नेऊन ठेवली आहे.

आता स्वच्छतागृहाचा प्रसंग. पावसात फायली घेऊन धावणारी कॅथरिन आणि मग हातोडा घेऊन पाटी फोडणारा गोरा साहेब. हे असे घडलेले नाही. कॅथरिनबाई जवळचे, पाटी नसलेले स्वच्छतागृह सरळ वापरत राहिल्या. स्वच्छतागृह कुठे म्हणून विचारल्यावर गोऱ्या सहकारी स्त्रिया हसल्या, तो अनुभव मेरीबाईंचा. आणि तो साहेब, अल हॅरिसन, हे कल्पित पात्र आहे. तसेच पॉल स्टॅफर्ड आणि व्हिव्हियन मिचेलही. माझा या प्रसंगावर राग आहे, कारण पाटी काढणारी खरी व्यक्ती दुसरीच होती. उपाहारगृहातल्या टेबलावर ‘कृष्णवर्णीय कंप्युटरांसाठी’ अशी पाटी असे. मिरियम मॅन नावाच्या गणिती बाई ती उचलून पर्समध्ये टाकत. नवी पाटी आली की तीही टाकत. शेवटी पाट्या यायच्या थांबल्या. पडद्यावर हे धाडस एका पुरुषाच्या नावावर जमा झाले.

अंतराळवीर जॉन ग्लेन यांनी यंत्राचे (संगणकाचे) आकडे कॅथरिनकडून तपासून घ्यायला सांगितले, हे खरे. पण उड्डाणाच्या काही मिनिटे आधी नव्हे; ते काम त्यांनी टेबलावरच्या यांत्रिक गणनयंत्रावर दीड दिवस केले. सात प्रदक्षिणा ठरल्या होत्या आणि तीनवर थांबवल्या असे चित्रपट सांगतो, पण २० फेब्रुवारी १९६२ ची ती मोहीम मुळातच तीन प्रदक्षिणांची होती. उष्णतारोधक ढालीबद्दलचा धोक्याचा संदेश मात्र प्रत्यक्ष आला होता.

तरीही चित्रपट दाखवाच. फक्त नंतर फळ्यावर तारखा लिहा: १९४३, १९४९, १९५८, १९६०, १९६२. त्या पाहिल्यावर मुले स्वतःच विचारतील की पडद्यावर हे एकाच वर्षात का घडते. आपल्याकडेही हे होते. विजयदुर्गावर १८६८ मध्ये लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने हेलियम शोधला असे सर्रास सांगितले जाते. १८६८ चे त्यांचे निरीक्षण इंग्लंडमधले. विजयदुर्गाला ते आले जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. गोष्ट सोयीची असली की तारखा कशा सरकतात, याचे हे घरचे उदाहरण वर्गात वापरता येईल.

---

पाढे आणि पट्टी

गणिताचा तास असा घ्या. चित्रपटात ऑयलरच्या पद्धतीचा (छोट्या छोट्या पायऱ्यांनी पुढचे उत्तर काढत जाण्याची रीत) उल्लेख आहे. अंतराळयानाची कक्षा नववीला झेपणार नाही, पण पद्धत तीच ठेवून माडावरून पडणारा नारळ घेता येतो.

२० मीटर उंच माड, गुरुत्वत्वरण १० धरा, हवेचा विरोध सोडून द्या. वेळेची पायरी ०.५ सेकंद. नियम दोनच. नवी उंची = जुनी उंची वजा (जुना वेग × ०.५). नवा वेग = जुना वेग अधिक (१० × ०.५). कागदावर तीन रकाने: वेळ, उंची, वेग.

० सेकंद: उंची २०, वेग ०
०.५: २०, ५
१.०: १७.५, १०
१.५: १२.५, १५
२.०: ५, २०

सूत्राने नारळ बरोबर २ सेकंदांनी जमिनीवर हवा. आपल्या तक्त्यात तो अजून ५ मीटर वर लटकलेला आहे. हीच चूक वर्गाला दिसू द्या, लगेच सुधारू नका. मग दुसऱ्या गटाला ०.२५ ची पायरी द्या: २ सेकंदांना उंची २.५ येते. तिसऱ्या गटाला ०.१ ची: १ मीटर येते. पायरी निम्मी केली की चूक निम्मी होते, आणि काम दुप्पट होते. वेस्ट एरियातल्या बायकांचे आयुष्य त्या दुप्पट कामात जात होते, मुलांना ०.१ च्या वीस ओळी भरताना ते कळेल, सांगावे लागणार नाही.

हमखास होणारी चूक: मुले आधी वेग बदलतात आणि तोच नवा वेग उंचीला लावतात. अशा वहीत २ सेकंदांना उणे ५ येते, म्हणजे नारळ जमिनीत. उणे ५ दिसले की कुठे चुकले ते शोधत बसू नका, कारण हेच असते. आणि हुशार मुलांसाठी पुढची पायरी: जुन्या आणि नव्या वेगाची सरासरी लावा. ०.५ च्या पायरीनेही उत्तर बरोबर शून्य येते, कारण इथे वेग एकसारखा वाढतो. १.२५ अधिक ३.७५ अधिक ६.२५ अधिक ८.७५, बेरीज २०.

प्रत्येक तक्ता दोन मुलांकडून एकमेकांचे न बघता करून घ्या आणि ओळीओळीने ताडून पाहा. वरच्या ओळीतली चूक खालच्या सगळ्या ओळींत उतरते, म्हणून जिथे पहिला फरक दिसेल तिथेच थांबायचे. कॅलक्युलेटर देऊ नका. ०.५ आणि ०.२५ ला तो लागतही नाही.

वेळ उरला तर पृथ्वीगोल घ्या. ग्लेनच्या यानाची एक प्रदक्षिणा सुमारे ८८.५ मिनिटांची. पृथ्वी मिनिटाला पाव अंश फिरते. म्हणजे एका फेरीत पृथ्वी सुमारे २२ अंश पूर्वेला सरकते आणि यानाची वाट जमिनीवर तितकीच पश्चिमेला पडते. समजा, अशी वाट रत्नागिरीवरून गेली (१७ अंश उत्तर, ७३ अंश पूर्व), तर पुढच्या फेरीत त्याच अक्षांशावर ती ५१ अंश पूर्वेला, येमेनवर येईल. दोरा गोलाभोवती असा गुंडाळा की तो वर आणि खाली ३२.५ अंश अक्षांशाला टेकेल. ग्लेनच्या कक्षेचा कल तेवढा होता. मग दोरा स्थिर धरून गोल फिरवा. ठरलेल्या ठिकाणी यान समुद्रात उतरवायचे तर इंजिन बंद होताना दिशा किती अंशांची हवी, हा १९६० च्या त्या अहवालाचा विषय. दोरा एका मुलाने दोन्ही हातांनी धरावा, टेपने चिकटवू नका, नाहीतर गोलाबरोबर दोराही फिरतो आणि सगळा मुद्दाच जातो.

---

जांभ्याची भिंत

हॉलचे सांगतो. काचेची कौले आतून झाकायची. पुठ्ठा कापून कौलाखालच्या रिपांना सुतळीने बांधा. वरून ताडपत्री टाकायला कुणाला कौलांवर चढवू नका, कौले फुटतात आणि माणूसही पडतो. सकाळी साडेसातला सुरू करणार असाल तर ऊन पूर्वेच्या खिडक्यांतून येणार, म्हणून पडदा पूर्वेच्या भिंतीवर लावा. मुलांचे तोंड तिकडे होईल, खिडक्यांना जाड चादरी लावाव्या लागतील, पण पडद्यावर थेट ऊन पडणार नाही.

साध्या प्रोजेक्टरला २ मीटर रुंद चित्रासाठी साधारण ३ मीटर अंतर लागते. शेवटची रांग पडद्यापासून ७ मीटरच्या आत ठेवा, नाहीतर चित्राखालच्या मराठी ओळी (सबटायटल) वाचता येत नाहीत.

वीज: दिव्याचा प्रोजेक्टर ३०० वॉटपर्यंत घेतो, लॅपटॉप आणि स्पीकर मिळून १०० च्या आत. १५० अँपिअर-तासांची चांगली बॅटरी आणि ८५० व्हीएचा इन्व्हर्टर असेल तर अडीच-तीन तास निघतात. बॅटरी तीन-चार वर्षांची जुनी असेल तर निम्मेच धरा. त्या इन्व्हर्टरवर पंखे ठेवू नका. आदल्या दिवशी मेन स्विच बंद करून पूर्ण अर्धा तास चालवून बघा; पाच मिनिटांच्या चाचणीत बॅटरीचा दोष दिसत नाही. दिव्याचा प्रोजेक्टर वीज जाऊन एकदम बंद पडला की आतला पंखाही थांबतो आणि तापलेला दिवा खराब होतो, म्हणून तो पहिल्यापासून इन्व्हर्टरवरच चालवा.

मराठी ओळी: पूर्ण चित्रपटाच्या ओळी करायला जाऊ नका, महिना जाईल. महत्त्वाच्या आठ-दहा प्रसंगांच्या करा. फाइल नोटपॅडमध्ये यूटीएफ-८ मध्ये जतन करा, दुसऱ्या प्रकारात केली तर पडद्यावर प्रश्नचिन्हे येतात. व्हीएलसी या चित्रपट चालवायच्या प्रोग्राममध्ये अक्षरासाठी निर्मला किंवा मंगल निवडा. फाइलचे नाव चित्रपटाच्या फाइलसारखेच हवे आणि दोन्ही एकाच फोल्डरमध्ये. ओळी थोड्या मागेपुढे असतील तर जी आणि एच या कळांनी सरकवता येतात. पण सुरुवातीला जुळून नंतर हळूहळू मागे पडत असतील, तर फ्रेमचा वेग वेगळा आहे. तिथे कळांनी काही होत नाही, ओळींची वेळच बदलावी लागते.

कायदा: कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिक्षणसंस्थेच्या कामाचा भाग म्हणून, फक्त शिक्षक, विद्यार्थी, पालक आणि संस्थेशी संबंधित लोकांपुढे चित्रपट दाखवायला मुभा आहे. गावाला जाहीर बोलावणे किंवा तिकीट यात बसत नाही. फाइल मात्र रीतसर घेतलेली हवी.

---

चवदार तळे

वरच्या उत्तरांत एक धागा राहिला. कोकणातल्या मुलांना चित्रपटातली वेगळी कॉफीची किटली आणि वेगळे स्वच्छतागृह दाखवताना फक्त अमेरिकेबद्दल बोललात तर तास अर्धाच होईल. महाड तुमच्यापासून लांब नाही.

इथेही आधी कागद आला, मग पाणी. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा मुंबई कायदेमंडळातला बोले यांचा ठराव १९२३ चा, महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव १९२४ चा. तरी तळ्यावर कुणाला जाता येत नव्हते. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे लोक चालत गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर मारहाण झाली, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले, दावा लागला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ मध्ये आला. रूझवेल्ट यांच्या १९४१ च्या आदेशानंतर १९५८ पर्यंत वेगळा विभाग चालला, ते याच्या शेजारी लिहा. आदेश निघाला तरी तो वापरणारी माणसे लागतात. मिरियम मॅन यांनी उचललेली पाटी इथे आठवा. चित्रपटातला साहेबाचा हातोडा नेमके हेच झाकतो, म्हणून खाडीपलीकडे यांचा राग मला पटतो.

एक काळजी घ्या. आपल्याकडे वाडीच्या नावावरून जात कळते. वर्गात हात वर करून ‘तुमच्याकडे असे होते का’ हे विचारू नका. ज्याच्या घरी झाले त्याला सगळ्यांसमोर बोलावे लागते आणि बाकीचे त्याच्याकडे बघतात. बिननावाच्या चिठ्ठ्या घ्या, तुम्ही एकट्या वाचा, दुसऱ्या दिवशी त्यातले प्रश्न तुमच्या शब्दांत मांडा. अक्षर ओळखता येईल अशी चिठ्ठी वर्गात दाखवू नका.

विज्ञानातल्या आपल्या उदाहरणासाठी कमला सोहोनी घ्या. १९३३ मध्ये बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत, शेवटी अटींवर प्रवेश मिळाला. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. झाली. पुढे मुंबईत त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यावर काम केले, आणि नीरा म्हणजे काय हे तुमच्या वर्गाला सांगावे लागणार नाही. पण त्यांच्यासमोरची अडचण स्त्री असण्याची होती. डोरोथीबाईंसमोर ती आणि वर्णाची, दोन्ही. दोघींची उदाहरणे एकाच खणात टाकू नका.

---

विज्ञानबाई, गुहागर तालुका

सर्वांचे आभार. नारळाचा तक्ता चित्रपटाच्या आदल्या दिवशी घेते. एक अडचण: चित्रपट १२७ मिनिटांचा, नंतर चर्चा हवी, आणि लांबच्या वाड्यांच्या मुलांची एसटी साडेअकराची. नव्वद मिनिटांत बसवायचा तर काय वगळू?

---

खाडीपलीकडे

कॅथरिन आणि जिम जॉन्सन यांच्या लग्नाकडे जाणारा भाग, घरगुती समारंभ आणि नाचगाण्याचे प्रसंग काढा, चांगला वेळ वाचेल. वर्णभेदाविरुद्ध प्रवास करणाऱ्यांच्या बसला आग लावल्याची दूरचित्रवाणीवरची बातमी काढू नका. ती मे १९६१ मधली खरी घटना आहे, पण आधी दोन वाक्यांत सांगून ठेवा, नाहीतर मुले दचकतात आणि पुढचा प्रसंग हातचा जातो. न्यायालयाचा प्रसंग ठेवा आणि नंतर खऱ्या अर्जाबद्दल बोला. हातोड्याचाही ठेवा. तो दाखवल्याशिवाय मिरियम मॅन यांची पाटी सांगण्यात जोर येत नाही.

उड्डाणाआधीचा नियंत्रणकक्ष लांबतो, तिथे थेट उड्डाणावर उडी मारा. वगळायच्या जागांच्या वेळा कागदावर तास-मिनिट-सेकंदांत लिहून लॅपटॉपपाशी बसणाऱ्या मुलीकडे द्या. व्हीएलसीत कंट्रोल आणि टी दाबले की वेळ टाकून थेट तिथे जाता येते. माऊसने पट्टी ओढत बसलात तर दर वेळी अर्धा मिनिट जातो. शेवटी तिघींचे खरे फोटो येतात, त्याआधी दिवे लावू नका.